पोहणाऱ्या मुलांच्या दमाची कसोटी

शाळेच्या सहलीपूर्वी पालकांकडून जे संमतिपत्रक भरून घेतले जाते, त्यात बहुधा एक रकाना असतो : ‘पाल्यास पोहता येते काय?’ त्यापुढे ‘होय’ असे लिहून आले म्हणजे वर्गशिक्षकाचा जीव भांड्यात पडतो. वस्तुतः या एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळे अर्थ दडलेले असतात! एका मुलाचा ‘होय’ म्हणजे गावच्या विहिरीत पायरीपासून समोरच्या कडेपर्यंत मारलेले दहा हात. दुसऱ्याचा ‘होय’ म्हणजे उन्हाळ्यात काळू नदीच्या डोहात तासभर केलेले डुंबणे, आणि तेही कमरेइतक्या पाण्यात. तिसऱ्याचा ‘होय’ त्याच्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने लिहिलेला असतो. त्यांनी स्वतः मात्र मुलास पाण्यात कधी पाहिलेले नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीच्या दिवशी बुडाले. ती वार्ता ज्या शिक्षकांनी वाचली असेल, त्यांना या रकान्याचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. शाळकरी वयाच्या मुलांना पोहण्याचे प्राथमिक कौशल्य व पाण्यातील सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, अशी त्या संघटनेची शिफारस आहे. शिकविण्याविषयी आपल्याकडे थोडेबहुत बोलले जाते. परंतु शिकलेल्या मुलाला पाण्यात किती वेळ टिकता येते, तो कोठे थकतो, थकल्यावर त्याचे काय होते, हे मोजून पाहण्याचा प्रघात आपल्या शाळांतून जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

ही पुस्तिका ज्यांच्या हाती जाते ते शिक्षकबंधू व भगिनी शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांतील. मीरा-भाईंदर येथे २००२ पासून महानगरपालिका आहे, त्यामुळे तो प्रदेश आपल्या कक्षेबाहेरचा. तरीही उदाहरणांसाठी मी तोच प्रदेश घेतो, कारण पाण्याचे बहुतेक सर्व प्रकार तेथे हाकेच्या अंतरावर सापडतात. पश्चिमेस उत्तन, पाली, चौक या कोळीवस्त्यांसमोरचा समुद्र; उत्तरेस वसईची खाडी; मधल्या भागात मिठागरांचे उथळ पाणी; जुनी गावतळी; आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या वसाहतींतील फरशीबंद जलतरण तलाव. साहजिकच एकाच इयत्तेत होडीवर वाढलेले मूल आणि निळ्या फरशीवर शिकलेले मूल शेजारी शेजारी बसू शकते. दोघांनाही ‘पोहता येते’. कोणाला किती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. कोळ्याचे पोर म्हणजे ते पोहणारच, असे आपण धरून चालतो. उत्तनच्या बाजूस मुलांशी बोलताना मला अनेकदा निराळे दिसून आले. मोठ्या भावास उत्तम पोहता येते, परंतु धाकट्या बहिणीला कोणी पाण्यात उतरविलेलेच नाही; किंवा मुलगा होडीवर निर्धास्तपणे वावरतो, पण होडीबाहेर पाच मिनिटे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नाही. जातीवरून वा गावावरून काढलेले अनुमान शिक्षकाने नोंदवहीत चढवू नये.

‘दम’ या शब्दाविषयी

मराठीत ‘दम’ हा शब्द मोठा फसवा आहे. दम धरणे, दम लागणे, दम असणे, दम काढणे. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मुलांच्या बोलीत ‘याच्यात लई दम आहे’ याचा अर्थ बहुधा ‘हा पाण्याखाली पुष्कळ वेळ श्वास कोंडून राहतो’ असा असतो. विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा मुलगा गावात मोठा पोहणारा म्हणून ओळखला जातो. आपल्याला ज्या दमाची कसोटी घ्यावयाची आहे तो हा नव्हे. आपला दम म्हणजे श्वासोच्छ्वास चालू ठेवून, हातापायांची सारखी हालचाल करीत, दीर्घकाळ पाण्यात पुढे जात राहण्याची शक्ती. हृदय, फुप्फुसे व स्नायू यांनी मिळून करावयाचे हे काम आहे. श्वास कोंडण्याशी त्याचा संबंध अगदी थोडा.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. श्वास कोंडण्याच्या पैजा जिवावर बेततात आणि त्याचे कारण प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे. श्वास घेण्याची तीव्र इच्छा आपल्याला होते ती प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कर्बद्विप्राणिद वायू साचल्यामुळे मुख्यतः होते. बुडी मारण्यापूर्वी मुले भराभर दहा-पंधरा दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील हा वायू नेहमीपेक्षा कमी होतो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी धोक्याची सूचना वेळेवर मिळत नाही. मुलगा कसलीही धडपड न करता बेशुद्ध होतो, आणि वर उभे असलेले सोबती ‘काय दम आहे!’ म्हणून वाट पाहत राहतात. चांगला पोहणारा मुलगाच या अपघातात अधिक सापडतो, कारण पैज लावण्याइतका विश्वास त्याच्याच ठायी असतो. यास्तव कसोटीत तर नाहीच, पण खेळातही श्वास कोंडण्याची चढाओढ आपल्या विद्यार्थ्यांत होऊ देऊ नये. वर्गात पाच मिनिटे काढून वरील कारण फळ्यावर समजावून द्यावे. नुसती मनाई मुले मानीत नाहीत, कारण समजले तर पुष्कळशी मानतात.

धावण्यावरून पोहणे कळेल काय?

आपल्या शाळांतून शारीरिक क्षमतेची मोजणी नवी नाही. १९५९-६० च्या सुमारास राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली होती. आज ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांत मोठ्या मुलांसाठी ६०० मीटर धावणे हीच दमाची कसोटी मानली जाते. मैदानावर ती योग्यच आहे. परंतु तीत पहिला आलेला विद्यार्थी पाण्यातही पहिला येईल, हा तर्क टिकत नाही. धावताना शरीराचा भार पाय वाहतात व तोंड सदैव मोकळे असते. पोहताना देह आडवा, मुख्य काम खांद्यांचे व हातांचे, आणि श्वास घ्यावयाचा तो हाताच्या लयीने तोंड पाण्याबाहेर येईल तेव्हाच. शिवाय पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट करू पाहणाऱ्यास सुमारे चौपट जोर लावावा लागतो. उत्साहाच्या भरात पहिली फेरी जिवाच्या आकांताने मारणारा मुलगा तिसऱ्या फेरीस का गळतो, याचे उत्तर या गणितात आहे.

पाण्यातही छोटे अंतर व मोठे अंतर या निराळ्या विद्या आहेत. कोल्हापूरचा वीरधवल खाडे याने २०१० च्या आशियाई खेळांत ५० मीटर फुलपाखरू प्रकारात कांस्यपदक मिळविले. ती शर्यत पंचवीस सेकंदांच्या आत संपते. पुण्याच्या रोहन मोरे याने इंग्लिश खाडीसह जगातील सात सागरी मार्ग पोहून २०१८ मध्ये तो क्रम पूर्ण केला. असे करणारा तो पहिला आशियाई. तेथे एकेका मार्गास कित्येक तास लागतात. दोघेही थोर, पण एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजता येणार नाही. आपण मात्र तालुक्याच्या स्पर्धेत एकच फेरी पोहवून ‘उत्तम जलतरणपटू’ असा दाखला देतो.

बारा मिनिटांची कसोटी

सर्वांत साधी कसोटी ही. अमेरिकेच्या हवाई दलातील वैद्य केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटे धावण्याची चाचणी प्रसिद्ध केली. पुढे तिचाच पोहण्याचा प्रकार प्रचारात आला. बारा मिनिटांत मूल किती अंतर पोहते ते मोजावयाचे, एवढेच. हात कोणत्याही प्रकारचे मारावेत, थकल्यास कडेस धरून थांबावे. घड्याळ मात्र थांबवावयाचे नाही. प्रत्येक पोहणाऱ्यामागे कडेवर एक मोजणारा विद्यार्थी असावा. दर फेरीस एक रेघ, पाचवी आडवी, अशी जुडगी त्याने पाटीवर मांडावी. शेवटची शिटी होताच मूल जेथे असेल तेथपर्यंतचे अंतर धरावे. समजा, २५ मीटरच्या तलावात एका मुलीच्या १४ फेऱ्या पूर्ण होऊन वर १० मीटर झाले. एकूण ३६० मीटर. म्हणजे मिनिटास ३० मीटर, किंवा सेकंदास अर्धा मीटर.

कूपर यांच्या पुस्तकांतील श्रेणींचे तक्ते आपल्या मुलांना लावू नयेत. ते मुख्यतः प्रौढांसाठी आहेत. येथे मुलीची तुलना तिच्या स्वतःच्या मागील नोंदीशी करावयाची आहे. तिसरी-चौथीच्या किंवा नवशिक्या मुलांना बारा मिनिटे फार होतात. त्यांच्यासाठी पाच मिनिटांची कसोटी घ्यावी आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहावे. तलावाची लांबी टेपने स्वतः मोजावी. वसाहतींतील तलाव २५ मीटर असल्याचे रखवालदार बिनदिक्कत सांगतो, पण तो अठरा किंवा वीसही निघू शकतो. शिवाय आखूड तलावात भिंतीस पाय देऊन ढकलण्याची संधी अधिक वेळा मिळते, म्हणून दोन निरनिराळ्या तलावांतील नोंदींची तुलना व्यर्थ होय.

दोन अंतरांची कसोटी

ज्या मुलांना न थांबता ४०० मीटर पोहता येते, त्यांच्यासाठी एक अधिक सूक्ष्म रीत आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील वाकायोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पोहण्याच्या क्षेत्रात रूढ केली. मुलास २०० मीटर व ४०० मीटर ही दोन अंतरे निरनिराळ्या वेळी, पूर्ण जोर लावून पोहावयास सांगावे. दोन अंतरांतील फरकास दोन वेळांतील फरकाने भागावे. जो वेग येतो, तो मूल दीर्घकाळ टिकवू शकेल असा वेग, असे ढोबळमानाने समजावे.

समजा, एका मुलीने २०० मीटर ४ मिनिटे १० सेकंदांत व ४०० मीटर ९ मिनिटे १० सेकंदांत पार केले. वेळांतील फरक ३०० सेकंद, अंतरातील फरक २०० मीटर. भागाकार ०.६७, म्हणजे १०० मीटरला अडीच मिनिटे. आता एका मुलाने २०० मीटर बरोबर ४ मिनिटांत मारले, पण ४०० मीटरला त्यास ९ मिनिटे ३० सेकंद लागले. त्याचा फरक ३३० सेकंद, वेग ०.६१, म्हणजे १०० मीटरला पावणेतीन मिनिटे. दोनशे मीटरच्या शर्यतीत हा मुलगा दहा सेकंदांनी जिंकला असता व टाळ्याही त्यालाच मिळाल्या असत्या. लांबच्या अंतरासाठी किंवा संकटात टिकून राहण्यासाठी मात्र मुलगी अधिक भरवशाची. सातवीच्या वर्गात वेगाचे गणित शिकविताना हेच उदाहरण फळ्यावर मांडावे. मुले ते विसरत नाहीत.

या रीतीत एक खोच आहे. ४०० मीटरला मूल रेंगाळले तर उत्तर खोटे कमी येते, हे सहज ध्यानात येते. परंतु २०० मीटरला रेंगाळले तर उत्तर खोटे जास्त येते, हे चटकन सुचत नाही. वेळांतील फरक आकसतो व आळशी मूल दमदार ठरते! म्हणून आधी २०० मीटर प्रामाणिकपणे पोहवून घ्यावे. दुसरे अंतर शक्यतो दुसऱ्या दिवशी घ्यावे. एकाच दिवशी घेणे भाग असेल तर मध्ये अर्ध्या तासाची तरी विश्रांती द्यावी.

घड्याळाखेरीज काय पाहावे

नुसत्या आकड्यांवर विसंबू नये. पहिल्या फेरीत हातांची संख्या मोजावी व शेवटच्या फेरीत पुन्हा मोजावी. पहिल्या फेरीस २२ हात लागले व शेवटच्या फेरीस २९, तर मुलाच्या प्रत्येक हातामागे पाणी कमी कापले जात आहे. तो हात हलवितो, पण सरकत नाही. कमी दमाचे मूल आणि वाईट तंत्राचे मूल घड्याळावर सारखेच दिसतात. हात मोजले म्हणजे त्यांतील भेद कळू लागतो. ज्याला पहिल्याच फेरीस पुष्कळ हात लागतात त्यास शिकविण्याची गरज आहे. ज्याचे हात शेवटी वाढतात त्यास सरावाची.

पोहून थांबताच मानेच्या बाजूस बोटे ठेवून दहा सेकंद नाडी मोजावी व सहाने गुणावे. एका मिनिटानंतर पुन्हा मोजावी. नाडी किती लवकर खाली येते यावरून सुधारणा कळते. मात्र पाण्यात, आडव्या स्थितीत, नाडी जमिनीवरील श्रमापेक्षा काहीशी मंद राहते. म्हणून मैदानावरील आकड्यांशी तिची तुलना करू नये.

शेवटी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, पाच-दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर मुलास कडेला न धरता पाण्यात उताणे तरंगण्यास वा उभ्याने पाय मारीत राहण्यास सांगावे. कितीतरी मुले वेगाने पोहतात, पण थांबली की बुडू लागतात. कारण विश्रांती कशी घ्यावी हे त्यांना कोणी शिकविलेलेच नसते. होडी उलटली असता किनारा गाठण्यापेक्षा मदत येईतो वर राहणे हेच बहुधा हाती असते. दहा मिनिटे शांतपणे तरंगणाऱ्या मुलाच्या नावापुढे मी ‘पोहता येते’ असे लिहीन. दोन फेऱ्या झपाट्याने मारणाऱ्याच्या नावापुढे लिहावयास थोडा विचार करीन.

जागा व दक्षता

समुद्रात, खाडीत, नदीत वा विहिरीत ही कसोटी कदापि घेऊ नये. धोका तर आहेच, पण मापही खोटे येते. वरील मुलगी सेकंदास अर्धा मीटर पोहते. वसईच्या खाडीत ओहोटीचा ओढ समजा तेवढाच असला, तर ओढाबरोबर ती दुप्पट वेगाने जाईल व ओढाविरुद्ध जागच्या जागी राहील, आणि जागच्या जागी राहतानाही तितकीच दमेल. (तिथीला पाऊणने गुणले म्हणजे भरतीचा तास ढोबळमानाने निघतो, हे आपल्या किनाऱ्यावरील गणित मुलांना अवश्य शिकवावे, पण त्यावर भिस्त ठेवून कोणी मुलांना खाडीत उतरवू नये.) कसोटी मोजलेल्या, स्वच्छ, तळ दिसणाऱ्या तलावातच घ्यावी. प्रशिक्षित जीवरक्षक हजर असावा व त्याच्याकडे दुसरे काम नसावे. घड्याळ धरणाऱ्याने पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम अंगावर घेऊ नये. दोन्ही एकास साधत नाही. एका वेळी चारपेक्षा अधिक मुले उतरवू नयेत. कडेला दोर, लांब बांबू व तरंगते कडे ठेवावे. पालकांची लेखी संमती घ्यावी. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा कान वाहणे असल्यास वैद्यांच्या सल्ल्यावाचून मुलास घेऊ नये. मुलींना त्या दिवशी उतरावयाचे नसेल तर कारण विचारू नये. दुसरा दिवस द्यावा.

धावण्याच्या कसोटीत थकलेले मूल खाली बसते. पाण्याच्या कसोटीत ते खाली जाते. आणि बुडणारे मूल ओरडते, हात हलविते, ही समजूत चुकीची आहे. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असता त्यास श्वास घेण्यासही सवड नसते, मग हाक कोठून मारणार? देह उभा झाला, पाय चालेनासे झाले, हात दोन्ही बाजूंस पाणी खाली दाबू लागले, डोळे स्थिर व भकास दिसले, की शिटीची वाट न पाहता बाहेर काढावे. ही लक्षणे मोजणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आधी शिकवून ठेवावीत.

शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांत असा तलाव कोठून आणावा, असा प्रश्न येईल व तो रास्त आहे. तेथील मुले आजही विहिरीत, सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर किंवा पांगाऱ्याच्या लाकडाच्या आधाराने, वडीलधाऱ्यांच्या देखत शिकतात. त्या शिकण्यास कमी लेखण्याचे कारण नाही. केंद्रातील तीन-चार शाळांनी मिळून, पालकांना बरोबर घेऊन, वर्षातून दोन वेळा जवळच्या शहरातील सार्वजनिक तलावात एक सकाळ मिळविण्याचा प्रयत्न करावा. तेही जमले नाही, तर नोंदवहीत ‘पोहता येते’ असे न लिहिता ‘कसोटी झालेली नाही’ असे लिहावे, व सहलीच्या वेळी त्या मुलास न पोहणाऱ्यांत धरावे.

नोंदवहीत पुढील बाबी असाव्यात : तारीख व वेळ, तलावाचे ठिकाण व मोजलेली लांबी, कसोटीचा प्रकार, अंतर किंवा वेळ, पहिल्या व शेवटच्या फेरीतील हात, नाडीचे दोन आकडे, आणि तरंगण्याची मिनिटे. पहिली कसोटी सरावाची समजून सोडून द्यावी, कारण नव्या जागी मुले बुजतात; दुसरीपासून आकडे धरावेत. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच तलावात, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा कसोटी घ्यावी. नोंदवही वर्गशिक्षकाकडे न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात सहलीच्या संमतिपत्रकांबरोबर ठेवावी, म्हणजे सहलीची यादी करताना ती हाताशी राहील.